दाबोळी ते मोपा: गोव्याच्या दोन विमानतळांमधले अंतर किती आणि वेळ किती लागतो?

गोव्यात दोन विमानतळ आहेत. एक दाबोळीचा, मुरगाव तालुक्यात वास्को शहराला लागून. दुसरा मोपाचा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ. या दोहोंमधले रस्त्याचे अंतर सुमारे ६० ते ६५ किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर गाडीने साधारण दीड तास लागतो. दिवसाच्या गर्दीत दोन तास धरून चालावे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र दोन तासांचाही भरवसा देता येत नाही. सरळ रेषेत मोजले तर हेच अंतर जेमतेम ४० किलोमीटर भरते.

थोडक्यात उत्तर एवढेच. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरे तर किलोमीटर नको असतात. कुणी मुंबईहून मोपाला उतरून दाबोळीहून पुढचे विमान पकडणार असतो. कुणाच्या हातात जाण्याचे तिकीट एका विमानतळाचे आणि परतीचे दुसऱ्याचे असते. आणि कुणी टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ म्हणून भलत्याच विमानतळाच्या दारात पोहोचलेला असतो. या तिघांसाठी अंतराचा आकडा ही फक्त सुरुवात आहे.

सरळ रेषेचे ४० आणि रस्त्याचे ६० का?

दोन्ही विमानतळ नकाशावर जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत. रेखांशात फरक नावापुरता. अक्षांशात फरक एक तृतीयांश अंशाहून थोडा जास्त. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, म्हणून हिशेब ४० किलोमीटरच्या आसपास येतो. याचा अर्थ दाबोळीहून मोपा अगदी थेट उत्तरेला आहे. हवेतून जायचे तर प्रवासी विमानाला हे अंतर सहा-सात मिनिटांचे. अर्थात या दोन विमानतळांदरम्यान प्रवासी विमान नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

रस्त्याला मात्र उत्तरेकडे सरळ जाता येत नाही, कारण मध्ये तीन नद्या आडव्या येतात: जुवारी, मांडवी आणि शापोरा. तिन्ही पूर्वेकडून येऊन अरबी समुद्राला मिळतात आणि तिघींची मुखे रुंद आहेत. दाबोळीची धावपट्टी जुवारीच्या दक्षिणेला, मुरगावच्या भूशिरावरच्या पठारावर आहे. मोपाचा सडा शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी तीन पूल ओलांडावेच लागतात, आणि पूल जिथे आहे तिथे रस्त्याला वळून जावे लागते. पहिलेच उदाहरण पाहा. जायचे असते उत्तरेला, पण दाबोळीहून निघाल्यावर गाडी आधी पूर्वेकडे, आत कुठ्ठाळीपर्यंत जाते, कारण जुवारीवरचा पूल तिथे आहे. वीस-बावीस किलोमीटरचा जो फरक पडतो त्यातला मोठा वाटा या एका वळणाचा आहे.

पुलांचे महत्त्व गोव्यातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. जुवारीवर पूल होण्यापूर्वी कुठ्ठाळी आणि आगशी यांच्यामध्ये फेरीबोट चालत असे. मांडवीवरचा पणजीचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा राजधानी आणि बार्देश यांच्यामधली वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली होती. आज जुवारीवर केबलच्या आधाराचा रुंद पूल आहे. त्याची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. मांडवीवर जुन्या दोन पुलांच्या जोडीला जानेवारी २०१९ पासून अटल सेतू आहे. या नव्या पुलांमुळेच ‘दीड तास’ हे उत्तर देता येते. पूर्वीच्या जुवारी पुलावर अवजड वाहनांना बंदी घालावी लागली होती आणि संध्याकाळची रांग दोन्ही काठांवर लांबवर जात असे.

रस्ता कुठून जातो आणि वेळ कुठे जातो

दाबोळी विमानतळातून बाहेर पडल्यावर चिखलीवरून वास्को–वेर्णा मार्गाला लागायचे आणि कुठ्ठाळीला यायचे. तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ लागतो. मोपाच्या जोडरस्त्यापर्यंत तोच धरून राहायचा. जुवारी पूल ओलांडला की आगशी, मग गोवा वेल्हा, मग बांबोळीचा चढ. गोवा मेडिकल कॉलेज डाव्या-उजव्या हाताला दिसू लागले की पणजी आली असे समजावे. दाबोळी ते पणजी हा पहिला टप्पा २८ ते ३० किलोमीटरचा आहे आणि त्याला पाऊण तास पुरतो.

पणजीत शिरण्याची गरज नाही. मेरशीकडून अटल सेतूवर चढले की गाडी थेट पलीकडे पर्वरीच्या बाजूला उतरते. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना अटल सेतूवर परवानगी नाही. त्यांनी खालच्या पुलांवरून जायचे. भाड्याच्या स्कूटरवर बॅग बांधून एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. (तसा विचार करू नये हे वेगळे सांगायला नको, पण करणारे असतात.)

खरी अडचण पुढे आहे. पर्वरी. इथे महामार्ग एका गजबजलेल्या वस्तीतून जातो. दोन्ही बाजूंना दुकाने, कार्यालये, मॉल, सिग्नल. विधानसभा आणि सचिवालयही याच बाजूला. वरून जाणारा उन्नत रस्ता बांधायला घेतल्यापासून खालची वाहतूक वळवलेल्या, अरुंद झालेल्या पट्ट्यांतून चालते. सकाळी कार्यालये भरण्याच्या वेळी आणि संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान हे तीन-चार किलोमीटर पार करायला वीस मिनिटे लागू शकतात आणि कधी त्याहून जास्त. दाबोळी–मोपा प्रवासाच्या वेळेत जो काही फरक पडतो, तो बहुतांशी इथे पडतो. बाकी सगळा रस्ता बऱ्यापैकी अंदाजात बसतो. पर्वरी बसत नाही.

पर्वरीनंतर गिरी, मग म्हापशाला बगल देऊन करासवाडा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे, त्यामुळे त्या दिवशी शहराच्या तोंडाशी गर्दी वाढते, पण महामार्गावरून जाणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. कोलवाळला शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका सुरू होतो. धारगळला विमानतळाचा स्वतंत्र जोडरस्ता फुटतो. तो सुमारे सात किलोमीटरचा, सहा पदरी आहे. विमानतळ सुरू झाला तेव्हा हा जोडरस्ता तयार नव्हता आणि गाड्या गावांतल्या रस्त्यांनी जात. त्या काळात लिहिलेल्या जुन्या माहितीत ‘मोपाचा शेवटचा टप्पा वाईट आहे’ असे वाचायला मिळते. आता तो या संपूर्ण प्रवासातला सगळ्यात मोकळा टप्पा आहे. पणजी ते मोपा एकूण सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे पाऊण तास; पर्वरीची कृपा असेल तर.

६२ किलोमीटर दीड तासात म्हणजे ताशी सरासरी ४१ किलोमीटर. महामार्गाच्या मानाने हा वेग कमी वाटेल. पण सुरुवातीचा वास्कोच्या बाजूचा रस्ता आणि मधली पर्वरी धरली की हा आकडा प्रामाणिक आहे. नकाशाच्या ॲपवर रात्री अकरा वाजता पाहिलेली वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला लागू पडत नाही. ॲपमध्ये ‘निघण्याची वेळ’ बदलून पाहण्याची सोय असते, ती वापरावी.

दोन विमानतळ झाले कसे?

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधली. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि वसाहतीला बाहेरच्या जगाशी जोडणारा हवाई मार्ग पोर्तुगालला हवा होता. पोर्तुगीज भारताची स्वतःची छोटी विमानसेवाही होती. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’च्या वेळी भारतीय हवाई दलाने या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला आणि १९६४ मध्ये नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ तमिळनाडूतील सुलूरहून इथे हलवण्यात आला.

तेव्हापासून दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आहे आणि प्रवासी विमाने तिथे पाहुणी आहेत. याचा परिणाम थेट वेळापत्रकावर होतो. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे नागरी उड्डाणे दुपार, संध्याकाळ आणि रात्री अशी एकवटतात. पर्यटकांची संख्या वाढत गेली तसा हा बोळ अरुंद पडू लागला. २०१३ मध्ये दाबोळीला नवी, मोठी इमारत झाली. पण इमारत मोठी झाली म्हणून धावपट्टीचे तास वाढत नाहीत.

मोपाची कल्पना त्यामुळे जुनी आहे. २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला मंजुरी दिली तेव्हा अट अशी होती की नवा विमानतळ सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद व्हावी. दक्षिण गोव्यातून याला कडाडून विरोध झाला. मडगाव, केपे, काणकोण या भागांतल्या लोकांचे म्हणणे साधे होते: पाऊण तासावरचा विमानतळ काढून घेऊन अडीच तासांवरचा का द्यायचा? हॉटेल, टॅक्सी आणि वास्कोचा सगळा व्यवहार दाबोळीवर उभा होता. २०१० मध्ये ती अट बदलण्यात आली आणि दोन्ही विमानतळ चालतील असे ठरले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोपाची पायाभरणी झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव विमानतळाला देण्यात आले.

मोपावर नौदलाचे बंधन नाही, धावपट्टी दिवसरात्र वापरता येते. त्यामुळे काही विमान कंपन्यांनी आपली उड्डाणे इकडे वळवली. कतार एअरवेजने २०२४ मध्ये दाबोळी सोडून मोपा धरले. ‘दाबोळीचे पुढे काय होणार’ हा गोव्याच्या राजकारणातला जिवंत प्रश्न आहे, पण प्रवाशाच्या दृष्टीने आजची स्थिती अशी की दोन्हीकडून विमाने सुटतात आणि एकच कंपनी दोन्हीकडून उड्डाणे करते. घोटाळा नेमका तिथेच होतो.

तिकिटावर कोणता कोड आहे ते पाहा

दाबोळीचा कोड ‘जीओआय’. मोपाचा कोड ‘जीओएक्स’. तिकिटावर, बोर्डिंग पासवर आणि सामानाच्या चिठ्ठीवर हीच तीन अक्षरे असतात आणि फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे. तिकीट काढताना शहराच्या जागी नुसते ‘गोवा’ टाकले की बहुतेक संकेतस्थळे दोन्ही विमानतळांची उड्डाणे एकाच यादीत, भाड्याच्या क्रमाने दाखवतात. सगळ्यात स्वस्त जाणे आणि सगळ्यात स्वस्त येणे निवडले की एक जीओआय आणि एक जीओएक्स होण्याची शक्यता बरीच असते. हे चुकीचे नाही, फक्त ते माहीत असायला हवे. अशा वेळी भाड्याची गाडी स्वतः चालवायला घेतली असेल तर ती दुसऱ्या विमानतळावर सोडता येते का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे गाडी घेतानाच विचारावे.

काही ठिकाणी मोपाचा उल्लेख ‘नॉर्थ गोवा’ असा केलेला असतो. त्यावरून उत्तर गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाला मोपा जवळ, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. हरमल, मोरजी, मांद्रे या पेडण्याच्या किनाऱ्यांना मोपा निश्चितच जवळ. अर्ध्या-पाऊण तासात माणूस पोहोचतो, तर दाबोळीहून दोन तास जातात. पण कळंगुट आणि कांदोळी? तिथून मोपा सुमारे ३५ आणि दाबोळी सुमारे ४० किलोमीटर. फरक पाच किलोमीटरचा; त्यासाठी तिकिटाला हजार रुपये जास्त मोजू नयेत. पणजीहून तर दाबोळीच किंचित जवळ आहे. म्हापशाला मोपा वीस-बावीस किलोमीटर, दाबोळी चाळीसच्या पुढे. मडगावला उलटे: दाबोळी पंचवीस, मोपा पासष्टच्या पुढे. आणि पाळोळे-काणकोणला जाणाऱ्याने मोपाचे तिकीट काढले तर विमानात जेवढा वेळ बसला त्याच्या दुप्पट वेळ टॅक्सीत बसण्याची तयारी ठेवावी; मुंबई–गोवा विमान तासाभराचे आणि मोपा–काणकोण रस्ता शंभर किलोमीटरच्या पुढचा आहे.

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. बांदा आणि सावंतवाडीकरांना मोपा म्हणजे शेजारचा विमानतळ. सावंतवाडीहून साधारण पाऊण तास. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ जिल्ह्यातच आहे, पण तिथली उड्डाणे मोजकी. म्हणून ‘गोव्याचे तिकीट’ काढताना या भागातल्या माणसाने जीओएक्स आहे ना हे दोनदा पाहावे. मुंबईत नोकरी करणारा मुलगा चतुर्थीला गावी येताना चुकून दाबोळीला उतरला, तर तिन्ही नद्या ओलांडून त्याला घरी यायचे असते, तेही वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यात.

विमान कंपनीने तिकीट काढल्यानंतर विमानतळ बदलला, असेही होते. संदेश येतो, पण वेळ पाच-दहा मिनिटांनी बदलल्याच्या संदेशांच्या गर्दीत तो नजरेतून निसटतो. निघण्याच्या आदल्या दिवशी बोर्डिंग पास काढताना कोड पुन्हा एकदा वाचणे हा त्यावरचा उपाय आहे.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्याहून विमान पकडायचे असेल तर

समजा, तुमचे विमान मोपाला सकाळी ११ वाजता उतरणार आहे आणि पुढचे देशांतर्गत विमान दाबोळीहून आहे. ते किती वाजताचे असावे?

विमान टेकल्यापासून सामान घेऊन बाहेर येईपर्यंत ४५ मिनिटे. टॅक्सी ठरवून बसेपर्यंत १५ मिनिटे. १२ वाजले. रस्त्याला दोन तास धरा; दीड नाही, दोन. २ वाजता दाबोळी. देशांतर्गत उड्डाणाचे सामान घेण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात, आणि विमानतळावर दोन तास आधी पोहोचा असे सांगितले जाते. म्हणजे पुढचे विमान ४ च्या आधीचे असू नये. उतरणे आणि उडणे यांत पाच तास. हातातच एक बॅग असेल आणि वेळ सकाळची असेल तर साडेतीन-चार तासांत जमते, पण त्यात पहिल्या विमानाच्या उशिराला जागा उरत नाही. पुढचे विमान परदेशी असेल तर सहा ते सात तास ठेवा. संध्याकाळचे शेवटचे विमान असेल तर आणखी विचार करा, कारण ते चुकले की रात्र गोव्यातच काढावी लागते.

इथे एक गोष्ट पैशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकाखाली असतील तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. पण दाबोळी–मोपा अशी जोडणी एका तिकिटावर सहसा मिळत नाही. ती प्रवाशाने स्वतः दोन वेगळी तिकिटे काढून केलेली असते. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. सामानही आपोआप पुढे जात नाही. ते पहिल्या विमानतळावर घेऊन, टॅक्सीत टाकून, दुसऱ्या विमानतळावर पुन्हा द्यावे लागते. तिकिटात हजार-दीड हजार रुपये वाचवणारी अशी जोडणी टॅक्सीचे भाडे मिळवले की बहुधा महाग पडते. माझा सल्ला विचाराल तर गोव्यात विमानतळ बदलून पुढे जाण्यापेक्षा मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावे.

पावसाळ्यात वेळेची गणिते आणखी सैल धरावीत. जून ते सप्टेंबर दृश्यता कमी झाली की विमाने घिरट्या घालतात किंवा दुसऱ्या शहराकडे वळवली जातात. वीज हाही प्रकार आहे: मे २०२४ मध्ये मोपाला वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे बिघडले आणि काही विमाने इतरत्र पाठवावी लागली. महामार्गावरही पावसात वेग उतरतो.

जायचे कशाने?

दाबोळी–मोपासाठी व्यवहारात टॅक्सी हाच पर्याय आहे. दोन्ही विमानतळांवर आगाऊ पैसे भरून टॅक्सी घेण्याचे काउंटर आहेत. तिथे दर लावलेले असतात आणि पावती मिळते. मुंबई-पुण्याच्या माणसाचा हात सवयीने ओला-उबरकडे जातो, पण या सेवा गोव्यात चालत नाहीत. ॲपवरून टॅक्सी हवी असेल तर ‘गोवा माईल्स’ हे ॲप आहे; ते उतरण्यापूर्वीच फोनमध्ये घेऊन ठेवावे. टॅक्सीत बसताना ‘एअरपोर्ट’ म्हणू नका. ‘दाबोळी’ म्हणा किंवा ‘मोपा’ म्हणा. स्थानिक माणसे याच नावांनी ओळखतात. तुम्ही पर्वरीत उभे असाल तर दोन विमानतळ बरोबर विरुद्ध दिशांना आहेत आणि चूक लक्षात येईपर्यंत वीस किलोमीटर गेलेले असतात.

बस स्वस्त आहे, पण तिला वेळ लागतो. मोपाहून कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बस पणजी, म्हापसा, मडगाव या बाजूंना सुटतात. पणजीच्या कदंब स्थानकावर उतरून वास्कोची बस धरायची आणि दाबोळीजवळ उतरायचे. बसची वाट पाहणे धरून तीन तासांचा हिशेब ठेवावा. हातात मोकळा दिवस आणि हलके सामान असेल तर हरकत नाही. विमान पकडायचे असेल तर नको.

रेल्वेचा विचार अनेकांच्या मनात येतो, कारण दाबोळीला रेल्वे स्थानक आहे आणि मोपाच्या बाजूला पेडणे आणि थिवी ही कोकण रेल्वेची स्थानके आहेत. पण दाबोळी हे छोटे स्थानक वास्को–मडगाव मार्गावर आहे. तिथून आधी मडगावला, म्हणजे उलट दिशेला जायचे, तिथे गाडी बदलून उत्तरेला थिवी किंवा पेडण्याला यायचे आणि मग पुन्हा टॅक्सी करायची. पेडण्याला बऱ्याच जलद गाड्या थांबत नाहीत. अर्धा दिवस यात जातो. रेल्वे उपयोगी पडते ती वेगळ्या प्रसंगी: कोकणातून किंवा मुंबईहून गाडीने येऊन मोपाहून विमान पकडणाऱ्याने मडगावपर्यंत न जाता थिवीला उतरावे. तसेच कारवारकडून येऊन दाबोळीला जाणाऱ्याने मडगावला.

चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर

विमानाला तीन तासांहून जास्त वेळ असेल तर वाद न घालता लगेच टॅक्सी घ्या आणि निघा. रस्त्यात असताना ऑनलाइन चेक-इन उरकून टाका. अडीच तास असतील आणि बॅग हातातली असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे, विशेषतः पहाटे किंवा रात्री उशिरा, जेव्हा पर्वरी रिकामी असते. दोन तासांहून कमी उरले असतील तर टॅक्सीचे पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा जिथे आहात तिथल्याच तुमच्या विमान कंपनीच्या काउंटरवर जा. त्याच कंपनीचे त्याच शहराला जाणारे विमान या विमानतळावरूनही असू शकते, आणि जागा असेल तर फरक भरून तिकीट बदलून मिळू शकते. मात्र हे मूळ विमान सुटण्यापूर्वी करायला हवे. विमान सुटल्यावर तिकीट ‘प्रवासी आला नाही’ या खात्यात जाते आणि मग हातात परत येतात ते बहुधा फक्त विमानतळाचे कर आणि शुल्क.